कुडाळात नोटेशनचं पुस्तक छापून घेतलं, त्याचा अनुभव

आमच्या भजनी मंडळासाठी अण्णांच्या वह्या छापायच्या हे गेली कित्येक वर्षं डोक्यात होतं. अण्णा म्हणजे माझे वडील, गावात चाळीस वर्षं पेटी वाजवली त्यांनी, आणि प्रत्येक अभंगाची चाल वहीत स्वरलिपीत, म्हणजे नोटेशनमध्ये, उतरवून ठेवलेली. शेवटी यंदा काम झालं, कुडाळातल्या एका छोट्या डीटीपी सेंटरमध्ये, मागच्या बाजूलाच त्यांचं ऑफसेट मशीन आहे. नोटेशन छापून घ्यायचं असेल आणि कुठे जावं कळत नसेल तर हे जरूर वाचा, कारण मी आधी एकदा चांगलाच हात पोळून घेतलाय.

आधी मोठ्या शहरातल्या एका प्रेसला काम दिलं होतं, नाव घेत नाही. त्यांनी टाइप करून पाठवलं ते बघून मला रडूच यायचं बाकी होतं. सूर लिहायच्या भातखंडे पद्धतीत कोमल, म्हणजे थोड्या उतरलेल्या, स्वराच्या खाली आडवी रेघ असते ना, त्यांच्याकडे फॉन्ट बदलताना त्या सगळ्या रेघा उडाल्या, कोणाच्या लक्षातही आलं नाही. भैरवीतले रे ग ध नि चारही कोमल, रेघा गेल्या की सगळे शुद्ध, म्हणजे पानंच्या पानं भैरवीचा बिलावल, सगळ्या शुद्ध स्वरांचा वेगळाच राग, झालेला. वर ऑपरेटरने पाय मोडलेला ग दिसला की टायपिंगची चूक समजून नीट करून टाकलेला.

आता हा पाय मोडलेला ग काय ते सांगतो, कारण सगळी गोम तिथेच आहे. अण्णा लहानपणी ज्या मास्तरांकडे शिकले ते विष्णु दिगंबर पलुस्करांच्या परंपरेतले, पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं आणि त्यांची स्वरलिपी स्वतःची वेगळी. पुढे अण्णा भातखंडे पद्धतीवर आले. त्यामुळे जुन्या तीन वह्या पलुस्कर पद्धतीत आणि नंतरच्या भातखंडे पद्धतीत. पलुस्कर पद्धतीत कोमल स्वराचा पाय मोडतात. आणि खरा घोळ टिंबाचा, भातखंड्यांकडे स्वराच्या डोक्यावर टिंब म्हणजे तार सप्तक, वरचे सूर, पलुस्करांकडे तेच डोक्यावरचं टिंब म्हणजे मंद्र, खालचे सूर! तार सप्तकाला ते उभी रेघ देतात. म्हणजे तेच टिंब एका वहीत सूर वर नेतं आणि दुसऱ्या वहीत खाली आणतं. तालाच्या खुणांचंही तसंच, भातखंडे समेला, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेला, × लावतात, पलुस्करांची सम १ आणि खालीला, म्हणजे टाळी न देता हात उघडा टाकतात त्या जागेला, +, अण्णांचं घाईतलं अक्षर असलं की × आणि + यातला फरक भिंगातून बघावा लागतो. सम आणि खाली यांची अदलाबदल झाली तर पखवाजवाल्याने करायचं काय.

कुडाळच्या डीटीपी सेंटरमधल्या ताईंनी हे काम घेतलं तेव्हा पहिल्यांदा म्हणाल्या, चाली गाऊन व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा. मला वाटलं कशाला. चार दिवसांनी फोन, "बुवा, हयसर टिंब वर आसा, पन गाणा खाली जाता, ता कसा?" त्यांना गाणं येत नाही, पण कानाने ऐकून वहीशी ताडून बघितलं आणि न समजलेलं स्वतःहून दुरुस्त न करता विचारलं. माझ्यासाठी ही सर्व्हिस तिथेच पास झाली.

मग आम्ही बसून ठरवलं की सगळं भातखंडे पद्धतीत आणायचं, पण गुपचूप नाही. पहिल्या पानावर सगळ्या खुणांचा तक्ता, कुठला अभंग मूळ कुठल्या पद्धतीत होता ते प्रत्येकाखाली बारीक अक्षरात, आणि वही वाळवीने खाल्ली तिथे मी आठवणीने भरलेले स्वर चौकोनी कंसात. चौकोनीच का, तर भातखंडे पद्धतीत गोल कंसाला आधीच अर्थ आहे, (सा) म्हणजे रे सा नि सा असा झटक्यात घ्यायचा खटका. पाश्चात्त्य संगीताचे संपादकही आपण घातलेलं कंसात किंवा तुटक रेघेने वेगळं दाखवतात, वाचणाऱ्याला कळायला हवं ना की हे मूळचं आणि हे नंतरचं.

टायपिंग बघाल तर मंद्र कोमल नि हा एकटाच ऑपरेटरची परीक्षा घेतो. खाली कोमलची रेघ, खाली मंद्राचं टिंब, आणि एका मात्रेत दोन-तीन स्वर असले की त्यांना जोडणारा चंद्रकोरीसारखा कंस तोही खालीच, मग त्याखाली शब्द. ताईंनी ओळींमधलं अंतर वाढवून प्रत्येक थराला जागा दिली, कुठेही रेघ टिंबावर चढलेली नाही. तार सप्तकाच्या रे चं टिंब अक्षरावरच्या मात्रेत बुडतं तेही त्यांनी हाताने सरकवलं. आणि प्रत्येक विभागाची उभी दांडी वरपासून खालपर्यंत एका रेषेत, त्यामुळे नजर टाकली की सम सापडते.

मशीनवर जे काका आहेत ते पूर्वी म्हापशाला प्रेसमध्ये होते, तिकडे चर्चच्या क्वायरची पुस्तकं व्हायची. ते म्हणाले, पान कुठे उलटणार ते आधी सांगा. युरोपात धातूच्या पत्र्यावर हातोडीने ठोकून, तेही सगळं उलटं, नोटेशन कोरायचे तेव्हापासून चांगले कारागीर पान उलटायची जागा वाजवणाऱ्याला विश्रांती असेल तिथे आणतात, असं त्यांनीच मला समजावलं. आमच्या पेटीवाल्याचा तर एक हात भात्यावर आणि एक पट्ट्यांवर, पान उलटायला तिसरा हात आणायचा कुठून? म्हणून प्रत्येक अभंग समोरासमोरच्या दोन पानांत बसवला, दोन मोठे होते ते तेवढे कोरस उचलतो तिथे तोडले. माझ्या डोक्यात हे कधी आलंच नव्हतं.

आता जे आवडलं नाही ते. बाइंडिंग चिकटवून केलं, त्यामुळे पुस्तक पेटीवर उघडं राहत नाही, मिटतं, आम्ही कपड्याचे चिमटे लावतोय. ७२ पानांना सेंटर पिन, म्हणजे मधल्या घडीवर मारलेली पिन, सहज चालली असती, मीही आधी बोललो नाही पण त्यांनी सुचवायला हवं होतं. कागद फार पांढरा, रात्री ट्यूबलाइटखाली डोळ्यांवर येतो. आणि वेळ! मे अखेर म्हणाले, मिळालं गणपतीच्या आदल्या आठवड्यात, त्यात पावसात लाइट जायची आणि मंडळांच्या पावतीपुस्तकांची गर्दी मध्ये. पैसे नोटेशनच्या पानाला साध्या पानाच्या तिप्पट घेतले, पण तीन प्रुफं काढली आणि प्रत्येक वेळी कागदावर काढून दिली, मोबाइलवर पीडीएफ बघून ही टिंबं कधीच तपासू नका, दिसत नाहीत.

पाचपैकी चार स्टार. गवळणींची वही परवाच त्यांच्याकडे दिली आहे, ह्या वेळी सेंटर पिन आणि पिवळसर कागद असं लिहूनच दिलंय.