बोअर वीसवर न्यावी, की स्लीव्ह घालून स्टँडर्डवर परतावे?

हेड उतरवले, सिलिंडरच्या वरच्या टोकाशी नखाला कडा लागली, की छोट्या ट्रॅक्टरचे इंजिन घरी बांधायला बसलेल्या माणसाला एक निर्णय घ्यावाच लागतो. सिलिंडर मोठा करून ओव्हरसाइज पिस्टन टाकायचा, की ब्लॉकमध्ये कोरडी स्लीव्ह, म्हणजे पाण्याला न लागणारी धातूची नळी, ठोकून पुन्हा मूळ मापावर (स्टँडर्डवर) यायचे? बाकीची कामे, म्हणजे वॉल्व्ह घासणे, बुश बदलणे, गॅस्केट बसवणे, दोन्हीकडे सारखीच आहेत आणि ती ओट्यावर होतात. हे एक काम मात्र बोअरिंगच्या दुकानात गेल्याशिवाय होत नाही. ज्यांच्या इंजिनात पाण्यातला, हाताने ओढून निघणारा लायनर, म्हणजे सिलिंडरची सुटी नळी, आहे, त्यांना हा प्रश्न पडत नाही. त्यांनी लायनर-पिस्टनचे किट आणावे आणि सुखी राहावे.

मी एकाच ब्लॉकवर हे दोन्ही प्रकार केले आहेत. चोपडा तालुक्यात आमची केळी आणि कपाशी आहे, आणि ओळींमधून चालणारा, एका सिलिंडरचा, सुमारे १५ अश्वशक्तीचा डिझेल ट्रॅक्टर घरी आहे. पहिल्यांदा तो वीसवर, म्हणजे इंचाच्या वीस हजारांशांनी, सुमारे अर्धा मिलिमीटर मोठ्या मापावर नेला. साडेतीन वर्षांनी त्याच ब्लॉकला स्लीव्ह घातली. एवढ्या अनुभवावर कोणी सिद्धान्त मांडू नये हे मला मान्य आहे, तरी निर्णयाच्या उंबरठ्यावर असलेल्यांना त्याचा उपयोग व्हावा.

आधी झीज किती आहे ते पाहावे. डायल गेज घरी नसला तरी चालते. स्टँडर्ड मापाची नवी पिस्टन-रिंग सिलिंडरमध्ये वरच्या कडेच्या किंचित खाली ठेवावी, पिस्टनच्या माथ्याने ढकलून ती सरळ करावी आणि टोकांमधली फट फिलर गेजने, म्हणजे ठरलेल्या जाडीच्या पातळ पात्यांनी, मोजावी. मग तीच रिंग अगदी तळाशी, जिथपर्यंत चालत्या इंजिनात रिंग कधी पोहोचतच नाही तिथे नेऊन पुन्हा मोजावी. दोन फटींतल्या फरकाला ३.१४ ने भागले की व्यासातली झीज हाती येते. माझ्याकडे वर १.२५ मि.मी. आणि खाली ०.३५ मि.मी. फट भरली, म्हणजे झीज जवळजवळ ०.२९ मि.मी. होती. याचा अर्थ दहाचा, म्हणजे पाव मिलिमीटर मोठा पिस्टन टाकून भागणार नव्हते. तेवढ्या कापात जुनी झीज पूर्ण निघालीच नसती. सिलिंडर अंडाकृती झाला आहे का, हे या पद्धतीने कळत नाही. तेवढ्यासाठी बोअरिंगवाल्याचा डायल गेजच लागतो. झीज वरच्या टोकाशीच का असते, तर तिथे पिस्टन क्षणभर थांबतो, दाब आणि उष्णता सर्वांत जास्त असते आणि ऑइलचा पापुद्रा तिथेच तुटतो. त्यात आमच्याकडे मे महिन्यात काळ्या जमिनीत रोटाव्हेटर चालवताना उडणारी धूळ पिठासारखी बारीक असते, आणि हवेच्या नळीची क्लिप ढिली असेल तर एअर फिल्टर कितीही चांगला असून उपयोग होत नाही.

बोअर करण्याच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे. काम एकदाच आणि सरळ होते, ब्लॉकची भिंत फारशी पातळ होत नाही, आणि सिलिंडरची उष्णता थेट पाण्यात जाते, मध्ये दुसऱ्या धातूचा सांधा नसतो. पैसेही कमी लागतात. मोठ्या पिस्टनमुळे ट्रॅक्टरची ताकद वाढते असे जे सांगितले जाते त्यात विशेष अर्थ नाही, ९० मि.मी. च्या सिलिंडरला अर्धा मिलिमीटर वाढवला तर क्षेत्रफळ सुमारे एक टक्क्याने वाढते, तेवढ्याने नांगराला काही कळत नाही. एकच नियम पाळावा लागतो : पिस्टन आधी हातात हवा आणि त्याच्या मापावर सिलिंडर कापला जावा. मी पहिल्या वेळी रिकाम्या हाताने ब्लॉक घेऊन गेलो, तेव्हा दुकानातल्या वयस्कर कारागिराने माझ्याकडे न पाहताच विचारले, "भाऊ, पिस्टन कोठे शे?" आणि मी तसाच परत आलो. माझ्या शालकांचे, रावेरकडचे, असेच इंजिन वीसवर पाच वर्षांपासून बिनतक्रार चालू आहे. तेव्हा बोअर करणे चुकीचे आहे असे मी म्हणत नाही.

माझे मन ज्या गोष्टीने फिरले ती गोष्ट लहान आहे, आणि तिचा यंत्रापेक्षा बाजाराशी जास्त संबंध आहे. वीसवर नेल्यानंतरच्या तिसऱ्या पावसाळ्यात ट्रॅक्टर सकाळी उठेनासा झाला आणि ब्रीदरमधून, म्हणजे इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून, धूर येऊ लागला. खोलून पाहिले तर वरची रिंग गेली होती, सिलिंडर मात्र अजून तग धरून होता. नव्या रिंगा टाकल्या की हंगाम निघाला असता. जुलैचे दिवस होते, कपाशीत गवत माजले होते आणि चार दिवसांची उघडीप मिळून वापसा आला होता. तालुक्याच्या दुकानात रिंगांचे डबे छातीइतके रचलेले होते, पण सगळे स्टँडर्डचे. "वीसचा सेट मागवावा लागेल," असे उत्तर मिळाले. जळगावला दोन दुकानांत विचारले, तिथेही तेच. नऊ दिवसांनी डबा आला. त्याच्यावर छापील मापाच्या जागी कोणीतरी बॉलपेनने वीस असे लिहिले होते, आणि तिथेच मला शंका यायला हवी होती.

रात्री ओट्यावर दिवा लावून रिंग सिलिंडरमध्ये ठेवली आणि फिलर गेज घातला. सर्वांत जाड पात ढिली गेली. तिच्यावर दुसरी जोडली, मग तिसरी, तरी फट भरेना. शेवटी हिशेब केला तेव्हा फट एकोणीस-वीस दशांश, म्हणजे दोन मिलिमीटरच्या जवळ होती. अर्धा मिलिमीटर मोठ्या सिलिंडरमध्ये स्टँडर्ड रिंग ठेवली की फट नेमकी दीड मिलिमीटरहून थोडी अधिक वाढते. म्हणजे डब्यात स्टँडर्डच्याच रिंगा होत्या. दुकानदाराने वाद न घालता डबा परत घेतला हे खरे, परंतु योग्य सेट यायला आणखी बारा दिवस गेले. त्या तीन आठवड्यांत पाऊस पुन्हा लागला, वापसा निघून गेला, आणि कोळपणीसाठी भाड्याने बैलजोडी शोधत मी दोन गावे फिरलो. ट्रॅक्टर ओट्याखाली ताडपत्रीत पडून होता. त्या काळात मी रोज एकदा तरी तो रचलेला स्टँडर्डचा ढीग आठवत असे.

म्हणून पुढच्या वर्षी सिलिंडरच गेला तेव्हा तीस किंवा चाळीसवर जाण्याचा पर्याय शिल्लक असूनही मी स्लीव्ह निवडली. जसजसे माप वाढते तसतसा माल दुर्मीळ होत जातो, असा निदान माझा अनुभव आहे.

स्लीव्हचे काम अधिक जोखमीचे आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. दोन-अडीच मिलिमीटर जाडीची स्लीव्ह बसवायची तर ब्लॉक व्यासात चार-पाच मिलिमीटर कापावा लागतो, आणि लहान इंजिनात पाण्याच्या कप्प्यापर्यंतची भिंत आधीच बेताची असते. ओतकामात एखादी बाजू पातळ निघाली असेल तर पातं पाण्यात उतरते आणि ब्लॉक हातचा जातो. बोअरिंगवाल्याने आधीच "भिंत पाहूनच सांगतो" असे म्हटले तर त्याच्यावर विश्वास ठेवावा. जो लगेच हो म्हणतो त्याच्याकडे मी जाणार नाही. कापताना तळाशी लहानशी पायरी ठेवली पाहिजे, म्हणजे स्लीव्ह पुढे कधी खाली सरकत नाही. ती प्रेसने घट्ट बसवली जाते, शतांशांच्या हिशेबात ब्लॉकच्या भोकापेक्षा किंचित मोठी ठेवून. आणि शेवटचा काप व होनिंग, म्हणजे दगडाने आतून बारीक घासणे, ती बसवल्यानंतरच करायचे असते, कारण दाबाने स्लीव्हचा आतला आकार थोडा बदलतो. माझ्या कारागिराने ती बसवून रात्रभर तशीच ठेवली आणि दुसऱ्या दिवशी कापली. कुठे पोकळी राहिली तर तेवढ्या जागी सिलिंडर जास्त तापतो, ही भीती खरी आहे. भर उन्हाळ्यात, ४४-४५ अंशांत रोटाव्हेटरवर चालवूनही माझ्याकडे तापमानाचा काटा पूर्वीपेक्षा वर गेलेला दिसला नाही. यापलीकडे मोजमाप माझ्याजवळ नाही.

एक अडचण मात्र आली. स्लीव्हचा वरचा काठ ब्लॉकच्या सपाटीपेक्षा केसभर वर राहिला होता, म्हणून ब्लॉकच्या माथ्यावरून हलका काप घ्यावा लागला. तसे केल्यावर पिस्टन आणि हेड यांच्यातले अंतर कमी होते, आणि डिझेल इंजिनात ते अंतर तपासल्याशिवाय हेड कायमचे आवळणे धोक्याचे आहे. पिस्टनच्या माथ्यावर ग्रीसच्या ठिपक्याने सोल्डरच्या तारेचे दोन तुकडे चिकटवावे, हेड गॅस्केटसह ठरलेल्या टॉर्कने आवळावे, फ्लायव्हील हाताने एक पूर्ण फेरा फिरवावे आणि मग हेड काढून चेपलेली तार मायक्रोमीटरने मोजावी. पुस्तिकेतल्या आकड्यापेक्षा तार पातळ निघाली तर जाड गॅस्केट घ्यावे. या कामात माझी एक दुपार गेली, आणि बोअर करणाऱ्याला ही दुपार बहुधा वाया घालवावी लागत नाही.

खर्च पहिल्या वेळेच्या सव्वादोन पट आला. पिस्टन-रिंगचा सेट मात्र त्याच दिवशी, त्याच ढिगातून मिळाला.

धुण्याबद्दल दोन शब्द, कारण दोन्ही प्रकारांत लोक इथेच चुकतात. होनिंगनंतर सिलिंडरच्या तिरप्या रेघांत दगडाची बारीक भुकटी अडकून बसते, आणि डिझेलने किंवा रॉकेलने धुतले तर ती तिथेच राहते, फक्त ओली होते. गरम पाणी, कपड्यांच्या साबणाची पूड आणि ताठ केसांचा ब्रश घेऊन घासावे, लगेच कोरडे करून ऑइलचा हात फिरवावा, आणि मग पांढऱ्या कापडाने पुसून पाहावे. मी वडिलांच्या जुन्या धोतराचे तुकडे वापरले. पहिल्या तुकड्यावर शिशाच्या पेन्सिलीसारखा करडा डाग आला, दुसऱ्यावर फिकट, पाचवा तुकडा स्वच्छ निघाला. बोअरच्या वेळी मी तिसऱ्या तुकड्यावर थांबलो होतो. तेव्हा वरची रिंग अकाली जाण्यात हवेच्या नळीबरोबर माझ्या या घाईचाही वाटा असेल, आणि तसे असेल तर बोअरला दोष देताना मी थोडा अन्यायच करतो आहे.

हे सगळे लक्षात घेऊनही, पिस्टन-पिनचे लॉक तुटून सिलिंडरवर खोल चर पडला असेल किंवा ब्लॉक आधीच तीस-चाळीसवर असेल, तर विचार करण्यासारखे काही उरतच नाही, स्लीव्हच घालावी. ब्लॉक अजून कोरा आहे, झीज थोडी आहे, बोअरिंगवाला स्लीव्हच्या कामात मुरलेला नाही आणि ट्रॅक्टर वर्षातून थोडेच तास चालतो, अशा परिस्थितीत बोअर करणे शहाणपणाचे ठरेल. शालकांचे उदाहरण समोरच आहे. परंतु ज्याचा ट्रॅक्टर केळीच्या बागेत आणि कपाशीत आळीपाळीने राबतो, आणि जून ते ऑगस्ट ज्याला एक आठवडाही तो उभा ठेवणे परवडत नाही, त्याने चांगला कारागीर सापडत असेल तर एकदाच जास्त पैसे घालून स्टँडर्डवर यावे, असे मला वाटते. विकायला काढल्यावरही घेणारा पहिला प्रश्न "बोअर कितीवर आहे?" हाच विचारतो, आणि "स्टँडर्ड" हे उत्तर ऐकून पुढचे दोन प्रश्न तो गिळतो.

बोअरच करायचे ठरले, तर पिस्टन घेतानाच रिंगांचा एक जादा सेट त्याच मापाचा घेऊन ठेवावा. डबा दुकानातच उघडावा. बऱ्याच रिंगांवर टोकाजवळ माप कोरलेले असते, ते डब्यावरच्या अक्षराशी नव्हे तर पिस्टनच्या माथ्यावरच्या आकड्याशी जुळवून पाहावे. सिलिंडर कापून घरी परत येताच त्या जादा सेटची एक रिंग आत ठेवून फट मोजावी, ती रिंग कागदात गुंडाळून त्यावर आकडा आणि तारीख लिहावी, आणि सेट ऑइल लावून कोरड्या जागी ठेवावा.