ग्रॅन टुरिस्मो ७ : दिवाळी ते गणपती, दहा महिने चालवल्यानंतरचा अनुभव

२०२४ च्या दिवाळीत पीएस ५, म्हणजे सोनीचा प्लेस्टेशन ५ कन्सोल घेतला, सोबत ग्रॅन टुरिस्मो ७ (जीटी ७) हा गाड्यांच्या रेसचा गेम. आता गणपती होऊन गेले, म्हणजे दहा महिने झाले आणि या दहा महिन्यांत क्वचितच एखादा आठवडा गाडी न चालवता गेला असेल. मे महिन्यात फोर्झा होरायझन ५ हा गाड्यांचाच दुसरा गेम पण घेतला, तो एप्रिल २०२५ मध्ये पीएस ५ वर आला ना, त्यामुळे आता दोन्ही शेजारी शेजारी खेळून बघता येतात. मित्र विचारतात की १९९७ पासून चालत आलेली ही सिरीज, अजून तिच्यात दम आहे का? कणकवलीजवळच्या एका गावात बसून जे दिसलं ते सांगतो.

आधी पाऊस. आमच्याकडे जून लागला की फोंडा घाटातनं जाताना कोणीही हेच सांगतं, ब्रेक वळणाआधी, वळणात नाही. जीटी ७ मध्ये अगदी तसंच आहे. ट्रॅकवर पाणी कडेला साचतं, त्यात चाक गेलं की गाडी सटकते, आणि पाऊस थांबला की सगळा ट्रॅक एकदम सुकत नाही, गाड्या जिथनं जातात ती पट्टी आधी सुकते, त्या पट्टीबाहेर टायर ठेवलात की गेलात. ब्रेक जास्त दाबला की एबीएस (चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) लागल्यावर कंट्रोलरवरचं ब्रेकचं एल २ बटण बोटाखाली थरथरतं, ते एकदा बोटाला कळलं की स्क्रीनकडे न बघता ब्रेक किती धरायचा ते समजतं. होरायझनमध्ये पण पाऊस आहे, तो गेम मेक्सिकोत घडतो, तिथली वादळं दिसायला जबरदस्त आहेत, पण तिथे ओल्या रस्त्यावर पण मी बिनधास्त जातो आणि चुकलं की मागे जाऊन परत चालवायला रिवाइंड आहेच. जीटी मध्ये चुकलं की चुकलं. गाडीचं वजन ब्रेक मारल्यावर पुढे येतं, सोडल्यावर मागे जातं, हे जे कळतं ना, त्यात मला अजून तरी दुसरा कन्सोल गेम पुढे वाटला नाही. एक मात्र खटकतं, पाऊस सगळ्या ट्रॅकवर नाही, ठरावीकच ट्रॅकवर आहे. २०२३ च्या फोर्झा मोटरस्पोर्टमध्ये सगळ्या ट्रॅकवर दिवसरात्र आणि हवामान बदलतं, तो मी कोल्हापूरला मित्राकडे खेळलो, त्या बाबतीत जीटी मागे आहे हे मान्य करायलाच लागेल.

आता जिथे खरंच राग येतो ते. करिअर, म्हणजे एकट्याने खेळायचा मुख्य भाग, त्यातल्या बहुतेक रेस एकाच छापाच्या. तुम्ही सगळ्यात शेवटी, पहिली गाडी अर्धा मिनिट पुढे, आणि थोड्या लॅपमध्ये सगळ्यांना गाठायचं. याला रेस म्हणत नाहीत, पाठलाग म्हणतात. मधल्या गाड्या आपल्याच ओळीत चालतात, तुम्ही बाजूला आलात तरी त्यांना पत्ता नसतो. आणि गंमत म्हणजे यांच्याकडेच सोफी आहे, सोनीने बनवलेला एआय ड्रायव्हर, नोव्हेंबर २०२३ च्या अपडेटमध्ये कायमचा आला, तो खरंच माणसासारखा भिडतो, जागा सोडतो, फट दिसली की नाक घालतो. एकदा सोफीबरोबर खेळलात की करिअरमधल्या गाड्या फारच मठ्ठ वाटतात. तो करिअरच्या नेहमीच्या रेसमध्ये असता तर हा रिव्ह्यू इथेच संपला असता, पण त्याला वेगळा कोपरा दिलाय.

दुसरं म्हणजे पैसे, गेममधले. फ्रान्समधल्या ले मान्स ट्रॅकची ३० मिनिटांची रेस जिंकली की ५ लाख ५० हजार क्रेडिट, कुठे धक्का न लावता आलात तर दीडपट, ८ लाख २५ हजार. मॅक्लारेन एफ१ दोन कोटींच्या घरात. म्हणजे एका गाडीसाठी तसल्या चोवीस पंचवीस रेस, बारा तास तोच ट्रॅक. मार्च २०२२ मध्ये बक्षिसं कमी केली तेव्हा जगभर ओरड झाली होती, नंतर थोडी वाढवली, तरी अजून माझ्या मते मेहनत जास्त आणि मोबदला कमी. होरायझन याच्या उलट, दर पाच मिनिटांनी गाडी हातात ठेवतो, त्यामुळे तिथे एकाही गाडीवर माझा जीव जडला नाही. जीटी मध्ये सुरुवातीला होंडा फिट मिळाली, आपल्याकडची जॅझ, ती मी अजून विकली नाही.

आणि नेट. हा गेम करिअरसाठी सतत नेट मागतो, नसेल तर अगदी थोडंच खेळता येतं. २०२२ मध्ये सर्व्हरच्या कामामुळे तीस तासांहून जास्त वेळ बंद होता, तेव्हा एकट्याने खेळणारे पण बाहेर बसले. मुंबईत कदाचित जाणवणार नाही, पण आमच्याकडे वारा सुटला, माड आडवा झाला की केबल गेली, दोन दोन दिवस नेट नाही. जुलैत एकदा ले मान्सलाच होतो, टोयोटा सुप्रा घेऊन, डी-पॅडने (कंट्रोलरवरच्या बाणांच्या बटणांनी) हवामानाचं रडार लावून ठेवलेलं, निळा ढग सरकत ट्रॅककडे येत होता, टायर बदलायला आत जावं की अजून एक लॅप काढावा या विचारात होतो आणि लाईट गेली. सव्वीस मिनिटं गेली, कारण रेसच्या मध्ये सेव्ह नाही. आता यूपीएस घेतलाय, कन्सोल आणि राऊटर दोन्ही त्यावर, लाईट गेली की रेस पॉज करून कन्सोल रेस्ट मोडला टाकतो, म्हणजे झोपवून ठेवतो. कोकणात हा गेम घेणार असाल तर यूपीएसचे पैसे आधीच धरा.

पण गणपतीत जे झालं त्यासाठी मी याला बरंच माफ करतो. घरात चुलते, चुलत भावंडं, मुंबईहून आलेली सगळी मंडळी, आरती, जेवणं आटपली आणि रात्री माजघरात टीव्ही लावला. जीटी ७ मध्ये पीएस ५ वर एका स्क्रीनवर चौघं खेळू शकतात. होरायझन ५ मध्ये नाही, नव्या फोर्झा मोटरस्पोर्टमध्ये पण काढून टाकलंय. तीन कंट्रोलर जमले, पाळीपाळीने पहाटे तीनपर्यंत. धाकटा चुलतभाऊ पहिल्याच वळणात भिंतीत, "दादा, ह्या गाडीक ब्रेक नाय काय रे?" तिसऱ्या दिवसापर्यंत मला मागे टाकायला लागला.

आणि अण्णा. वडील एसटीत ड्रायव्हर होते, घाटातच आयुष्य गेलं. त्यांना जर्मनीतल्या नुर्बुर्गरिंगची नॉर्डश्लायफ ही ट्रॅक लावून दिली, २०.८ किलोमीटरची, जंगलातनं वर खाली जाणारी, आणि गाडी सुझुकी स्विफ्ट स्पोर्ट, ओळखीची म्हणून. रेस वगैरे नाही, एकटेच. हळू चालवत होते, प्रत्येक वळणाआधी गिअर उतरवायचा, मग वळायचं, एकदाही गाडी रस्त्याबाहेर नाही. संपल्यावर म्हणाले, उतारावर ही पुढनं जड होते, बरोबर आहे. होरायझन लावून दिला तर पाच मिनिटांत कंट्रोलर परत दिला. आता संध्याकाळी दिवाबत्ती झाली की आवाज येतो, "तो जर्मनीचो घाट लाव रे."