दवाखान्यात जावं की व्हिडिओवर भेटावं? ‘हो’ म्हणण्याआधी

डॉक्टरांना प्रत्यक्ष भेटावं की व्हिडिओवर, हे ठरवताना आपण आधी वेळेचा आणि प्रवासाचा हिशोब मांडतो. मी आता आधी एवढंच पाहते: आजच्या तक्रारीसाठी डॉक्टरांना नुसतं ऐकून भागेल, पाहावं लागेल, की हात लावावा लागेल?

ऐकून भागत असेल तर घरूनच बोला. रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत आणि घरी मोजलेले आठवडाभराचे आकडे वहीत आहेत, तर दवाखान्यातल्या एका मोजणीपेक्षा ती वही जास्त सांगते, कारण डॉक्टरांसमोर बसलं की अनेकांचा दाब एरवीपेक्षा वाढतो. मोजण्याआधी पाच मिनिटं शांत बसा, पाठ टेकवा, दंड हृदयाच्या पातळीवर ठेवा. रिपोर्ट समजून घेणं, समुपदेशन, चालू औषधांचा आढावा, हेही व्हिडिओवर नीट होतं. ज्यांना जिना उतरवत नाही किंवा ज्यांच्या जवळपास तज्ज्ञच नाही, त्यांची तुलना तर वेगळीच असते. त्यांच्यासाठी एका बाजूला व्हिडिओ असतो आणि दुसऱ्या बाजूला काहीच नसतं.

पाहावं लागणाऱ्या तक्रारींत सगळं उजेडावर येतं. पुरळाचा एक फोटो लांबून, एक जवळून, दोन्ही दिवसाच्या उजेडात काढा. पिवळ्या दिव्याखाली डोळ्यांतली कावीळ सहज निसटते.

हात लावायची वेळ आली की मात्र दवाखान्याला पर्याय नाही. पोटात दुखतंय म्हटल्यावर डॉक्टर पोट हळूहळू दाबतात आणि हात पटकन उचलतात. उचलताना जोराची कळ आली, तर आत काही गंभीर असू शकतं. ही कळ स्क्रीनवरून कळत नाही. माझ्या आईच्या पायावरची सूज व्हिडिओवर ‘थोडीशी’ दिसली होती. दोन दिवसांनी दवाखान्यात डॉक्टरांनी तिच्या नडगीवर अंगठा दाबून धरला आणि उचलला, तर खळगा तसाच राहिला. औषध तिथल्या तिथे बदललं.

घरच्या यंत्रांवरही डोळे झाकून विसंबू नका. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरबद्दल २०२० मध्ये अमेरिकेत एक अभ्यास प्रसिद्ध झाला. रक्तातला ऑक्सिजन खरोखर कमी असताना यंत्राने तो ठीक दाखवल्याचं प्रमाण कृष्णवर्णीय रुग्णांत गोऱ्यांच्या जवळपास तिप्पट निघालं. धाप लागत असेल तर आकडा बरा दिसला तरी निघा. छातीत दुखणं, तोंड वाकडं होणं, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं यांत तर तुलना करत बसूच नका, थेट रुग्णालय गाठा.

आता संमतीचं. दवाखान्यात आपण बाही वर करून हात पुढे करतो, तोच रक्तदाब तपासण्यासाठी होकार असतो. काही देशांच्या नियमांत रुग्णाने स्वतःहून कॉल केला की सल्ल्याला संमती आहे असं धरलं जातं. ते मला पटतं, पण तो होकार तेवढ्यापुरताच. कॉल रेकॉर्ड करणं, शिकाऊ डॉक्टरांना जोडून घेणं, फोटो दुसऱ्याला पाठवणं यांतल्या प्रत्येक गोष्टीसाठी वेगळं विचारायला हवं. ॲपमधल्या ‘मी सहमत आहे’च्या चौकोनावर टिचकी मारली म्हणजे उपचारांचं सगळं समजून घेतलं असं होत नाही. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये माँटगोमेरी खटल्यात सांगितलं की, रुग्णाच्या जागी असलेल्या समंजस माणसाला जो धोका महत्त्वाचा वाटेल, तो डॉक्टरांनी सांगायलाच हवा. माझ्या मते ‘मला इथून पोट तपासता येत नाही, त्यामुळे हे निदान कच्चं आहे, ताप आला तर लगेच या’ हे वाक्य त्यातच मोडतं. डॉक्टर आपणहून बोलले नाहीत, तर तुम्ही विचारा: ‘प्रत्यक्ष आले असते तर अजून काय तपासलं असतं?’

नोंदी फुटण्याची भीती दोन्हीकडे आहे. फिनलंडमध्ये २०२० साली वास्तामो या मानसोपचार संस्थेतल्या चोरीला गेलेल्या नोंदी वापरून थेट रुग्णांकडेच खंडणी मागितली गेली. दूरच्या भेटीत त्यात आपल्याच फोनमधल्या फोटोंची भर पडते. ते कुठे कुठे साठतात ते एकदा तपासा.

मला जास्त काळजी वाटते ती खोलीची. दवाखान्यात डॉक्टर नातेवाइकांना ‘जरा बाहेर थांबा’ म्हणू शकतात. व्हिडिओवर बाईचा चेहरा दिसतो, पण समोरच्या खुर्चीत बसलेला नवरा दिसत नाही. ‘घरी कोणी मारतं का?’ या प्रश्नाला ती ‘नाही’ म्हणते, आणि ते ‘नाही’ कोणासाठी होतं हे डॉक्टरांना कळायला मार्ग नसतो. गर्भधारणा, व्यसन, मनाचे आजार, घरातला जाच यांबद्दल बोलायचं असेल आणि घरात दार लावून घेता येत नसेल, तर प्रवास लांबचा असला तरी दवाखानाच निवडा.

कॉल सुरू होताच आपण आत्ता नेमके कुठे आहोत आणि फोन तुटला तर कोणत्या नंबरवर करायचा, हे सांगून टाका. बोलता बोलता भोवळ आली तर रुग्णवाहिका त्याच पत्त्यावर यायची असते. आणि मध्येच मन बदललं तर ‘मला प्रत्यक्ष यायचंय’ म्हणा, कारण सांगायची गरज नाही.