एकच मॉडेल, दोन गाड्या: दिल्ली पासिंगची कमी रनिंगची की आपल्याकडची सव्वादोन लाख किलोमीटर फिरलेली?

जुनी स्कॉर्पिओ घ्यायची हे एकदा ठरले, की पश्चिम महाराष्ट्रातल्या माणसासमोर हल्ली हमखास दोन गाड्या येऊन उभ्या राहतात. एक दिल्ली पासिंगची, आतून-बाहेरून चकचकीत, मीटरवर ऐंशी-नव्वद हजार किलोमीटर दाखवणारी आणि लाख-सव्वालाखाने स्वस्त. दुसरी आपल्याच भागातली, दोन-सव्वादोन लाख किलोमीटर फिरलेली, बोनेटवर खडी उडून रंगाचे टवके गेलेली आणि मालक हजार रुपयेसुद्धा खाली यायला तयार नसलेली. २०२२ च्या दिवाळीच्या सुमारास मी आणि माझे साडू, आम्ही दोघेही २०१४ सालची, महिंद्राच्या एमहॉक डिझेल इंजिनाची गाडी शोधत होतो. साडूंनी पहिली घेतली, मी दुसरी घेतली. दोन्ही गाड्या एकाच मॉडेलच्या, एकाच सालच्या, आणि आता दोन्ही एकाच मिस्त्रींच्या हाताखाली असल्यामुळे त्या शेजारी-शेजारी ठेवून पाहण्याची संधी मला आपोआप मिळाली. दोन गाड्यांवरून सर्वांसाठी नियम काढता येणार नाही याची मला जाणीव आहे, तरीही निर्णयाच्या उंबरठ्यावर असलेल्या कुणाला आमचा अनुभव उपयोगी पडेल असे वाटते.

दिल्लीच्या गाड्या स्वस्त असण्याचे मूळ कायद्यात आहे. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१५ मध्ये दिल्ली व राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात दहा वर्षांपेक्षा जुन्या डिझेल गाड्या रस्त्यावर आणायला मनाई केली आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. पुढे अंमलबजावणीत फेरफार होत आले, पण तिथल्या मालकाच्या मनातली टांगती तलवार काही गेली नाही, आणि म्हणून सात-आठ वर्षे झाली की तो गाडी विकून मोकळा होतो. आपल्याकडे खासगी गाडीची पहिली नोंदणी पंधरा वर्षांची असते आणि त्यानंतर तपासणी करून, पर्यावरण कर भरून पाच वर्षांची मुदतवाढ घेता येते. त्यामुळे तिकडे आयुष्य संपत आलेली गाडी इकडे जेमतेम अर्ध्या वाटेवर असते. यात फसवाफसवी काहीच नाही. हा सरळ बाजारभावाचा फरक आहे आणि त्याचा फायदा घेण्यात काही गैर आहे असे मी म्हणणार नाही.

साडूंच्या गाडीची जमेची बाजू आधी सांगतो, कारण ती खरोखरच मोठी आहे. कोरड्या हवेत वाढलेली असल्यामुळे तिच्या चासीला आणि दारांच्या खालच्या कडांना गंज म्हणावा असा लागलेला नव्हता. माझ्या गाडीच्या मागच्या चाकांच्या वरच्या पत्र्याला मात्र घेतल्यावर लगेच डेंटिंग-पेंटिंग करावे लागले, कारण आधीचे मालक महिन्यातून एकदा तरी कुंभार्ली घाट उतरून चिपळूणला जात असत आणि कोकणातल्या चार महिन्यांच्या ओलाव्याने आपले काम केले होते. साडूंना कमी पैशात वरचे व्हेरिएंट मिळाले, सीट स्वच्छ मिळाल्या, एसी पहिल्या दिवसापासून गार मिळाला. दोन्ही गाड्या दारात उभ्या केल्या तर घरातली सगळी माणसे त्यांच्याच गाडीत बसायला धावत, आणि पहिले दोन-तीन महिने आपला निर्णय चुकला की काय असे मलाही वाटत होते.

आता रनिंगच्या आकड्याविषयी. घेणारा माणूस किलोमीटर मोजतो, पण इंजिन किती तास चालले हे कुणी मोजत नाही. शहराच्या वाहतुकीत सरासरी ताशी २० किलोमीटर पडले असे धरले, तर ९०,००० किलोमीटरला ४,५०० तास होतात. महामार्गावर सरासरी ताशी ५० धरली, तर २,२५,००० किलोमीटरलाही तेवढेच ४,५०० तास होतात. हा केवळ अंदाज आहे, पण त्यातला मथितार्थ मिस्त्री मंडळी पिढ्यान्‌पिढ्या सांगत आली आहेत. सिग्नलला उभी राहणारी, एसी लावून तासन्‌तास जागेवर चालणारी डिझेल गाडी आतून काजळी धरते, तिच्या क्लचला आणि ब्रेकला उसंत मिळत नाही. उलट पुणे-कोल्हापूर रस्त्यावर चौथ्या-पाचव्या गिअरमध्ये एकसारखी धावलेली गाडी किलोमीटर भरपूर दाखवते, पण तिच्या इंजिनाला त्यामानाने सोसावे कमी लागते. चाकांचे बेअरिंग, बुश, शॉकअप हे मात्र किलोमीटरनेच झिजतात आणि तिथे जास्त फिरलेल्या गाडीला पैसे मोजावेच लागतात. ते मी मोजले.

कागदपत्रांचे थोडक्यात सांगतो. दुसऱ्या राज्यातली गाडी आणायची म्हणजे तिकडच्या कार्यालयाची एनओसी (ना-हरकत प्रमाणपत्र), इथे नवीन नंबर, गाडीच्या वयानुसार कमी झालेला पण एकरकमी भरावा लागणारा कर, आणि तिकडे आधी भरलेल्या कराच्या परताव्यासाठी वेगळा अर्ज, एवढे सगळे आले. साडूंचे या व्यवहारात साडेचार महिने गेले आणि वाहतूक, कर, एजंट धरून त्यांचे सुमारे पंचाहत्तर हजार रुपये लागले. माझ्या गाडीचे काम मालकी बदलाचे फॉर्म २९ आणि ३० भरून, बँकेचा बोजा उतरल्याची नोंद पाहून, विमा नावावर करून तीन आठवड्यांत संपले. दोन्हीकडे एक गोष्ट सारखीच महत्त्वाची आहे: ई-चलनाची थकबाकी आणि बोजा परिवहन खात्याच्या संकेतस्थळावर स्वतः तपासून घ्यावा, आणि बाहेरच्या राज्यातली गाडी असेल तर एनओसी हातात पडल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नये. ही कटकट एकदाच होते आणि संपते, त्यामुळे तिच्यावरून मी कुणाला दिल्लीच्या गाडीपासून परावृत्त करणार नाही.

माझ्यासाठी निर्णायक ठरली ती वेगळीच गोष्ट, आणि ती साडूंच्या गाडीच्या पहिल्या सर्व्हिसिंगच्या दिवशी लक्षात आली. गाडी रॅम्पवर होती. मिस्त्रींनी एकदा क्लच दाबून पाहिला आणि विचारले, “साहेब, क्लच शेवटचा कधी टाकलाय?” साडू म्हणाले, माहीत नाही. मग गिअरबॉक्सचे ऑइल कधी बदलले, कूलंट कधी बदलले, इंजेक्टर कधी काढले होते का, एकामागून एक प्रश्न आले आणि प्रत्येकाला तेच उत्तर होते. विक्रेत्याने दिलेल्या कागदांमध्ये आरसी, विमा आणि पीयूसी याखेरीज काहीही नव्हते. मिस्त्रींनी मग एअर फिल्टरची पेटी उघडली, काळवंडलेला फिल्टर बाहेर काढला आणि उजेडात धरला. त्याच्या रबरी कडेवर काळ्या मार्करने, कुणा अनोळखी माणसाच्या हाताने, इंग्रजी आकड्यांत तारीख आणि तिच्या खाली १,४६,३०० असा आकडा लिहिलेला होता. तारीख गाडी घेण्याच्या साधारण वर्षभर आधीची होती. गाडीचे मीटर त्या दिवशी ८८,९०० दाखवत होते.

मीटर मागे केलेला होता हे उघड झाले. विक्रेत्याला फोन केला तेव्हा त्याने गाडी आपल्याकडेही तशीच आली होती असे सांगितले; ते खरेही असेल. परंतु फसवणुकीच्या रागापेक्षा साडूंना पुढे ज्याने दमवले ते म्हणजे काहीच ठाऊक नसणे. गाडी खरोखर किती फिरली आहे, दीड लाख की दोन, हे आजही कुणी सांगू शकत नाही. प्रत्येक आवाजामागे एक शंका उभी राहते. क्लच थोडा वर धरू लागला, की तो मूळचा आहे की कुणी बदलून झिजवलेला आहे हे कळत नाही, म्हणून तो बदलावा लागतो. टर्बोच्या पाइपात थोडेसे ऑइल दिसले, की ते जुने आहे की वाढत चालले आहे हे ठरवायला आधीची काही नोंद नसते. अशा गाडीचे प्रत्येक काम खबरदारी म्हणून, शून्यापासून करावे लागते. पहिल्या आठ महिन्यांत त्यांनी क्लचचा पूर्ण सेट, सर्व ऑइल, कूलंट, सगळे बेल्ट, पुढचे-मागचे ब्रेक आणि प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस बदलले. त्यातले काही भाग आणखी पन्नास हजार किलोमीटर सहज चालले असते असे मिस्त्री स्वतःच म्हणाले, पण न बदलण्याची हमी कोण घेणार?

माझ्या गाडीबरोबर मला लाल कापडी बांधणीची एक लांबट वही मिळाली. आधीचे मालक तासगावकडचे द्राक्ष बागायतदार. औषधांचा आणि खतांचा हिशेब ठेवायची सवय असल्यामुळे गाडीचाही ठेवत. प्रत्येक पानावर तारीख, किलोमीटर, काम, रक्कम असे चार रकाने पेन्सिलने आखलेले. ‘१,६२,४०० – क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग.’ ‘१,८८,००० – रेडिएटर नवीन, कूलंट.’ ‘२,०५,७०० – इंजेक्टर काढून तपासले, दोन नंबरचा बदलला.’ इंजिन ऑइल दर नऊ-दहा हजार किलोमीटरला बदललेले, एकदाच ते चौदा हजारांवर गेले होते आणि तिथे समासात ‘छाटणीमुळे उशीर’ असे लिहिले होते. मी गाडी घेतली तेव्हा मीटर २,२६,००० दाखवत होता आणि वहीतला शेवटचा आकडा २,२१,५०० होता. या वहीमुळे गाडी नवी झाली असे नाही, पण पुढच्या वर्षात काय खर्च येणार आहे हे मला घेतानाच कळले आणि तेवढी रक्कम मी बाजूला काढून ठेवली.

तो खर्च लहान नव्हता. पहिल्या वर्षात पुढचे लोअर आर्म, सगळे बुश, चारही शॉकअप आणि एक व्हील बेअरिंग यांवर चौतीस हजार रुपये गेले. अल्टरनेटर आणि सेल्फ दुरुस्त करून घेतला. पत्र्याच्या कामाचे मी वर सांगितलेच आहे. दोन लाख किलोमीटरच्या पुढची गाडी घेणाऱ्याने किमतीच्या दहा-पंधरा टक्के रक्कम पहिल्या वर्षासाठी राखून ठेवावी, असे मी माझ्या अनुभवावरून म्हणेन. फरक इतकाच, की माझा प्रत्येक रुपया जे झिजले होते त्यावर खर्च झाला. दोघांचा अठरा महिन्यांचा हिशेब आम्ही एकदा शेजारी मांडला, तेव्हा साडूंना सुरुवातीला वाचलेले सव्वा लाख केव्हाच पुसले गेले होते आणि वर काही हजार त्यांचेच जास्त लागले होते.

अर्थात प्रत्येक स्थानिक मालक वही ठेवत नाही, आणि प्रत्येक दिल्लीच्या गाडीचा मीटर मागे केलेला असतो असेही मला सुचवायचे नाही. वही नसेल तर निदान कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधल्या नोंदी मालकाला सोबत घेऊन काढून घ्याव्यात; त्यात प्रत्येक वेळचे किलोमीटर लिहिलेले असतात. गाडी सकाळी, इंजिन पूर्ण थंड असताना पाहायला जावे, आणि मालकाने ‘तुम्ही यायच्या आधी गरम करून ठेवली’ असे सांगितले तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जावे. चालू इंजिनावर ऑइलचे झाकण सैल करून वाफेचा जोर पाहावा; तो जास्त असेल तर इंजिन आतून झिजल्याची शंका घ्यावी. क्लच आणि ब्रेकच्या पेडलचे रबर, स्टिअरिंगचा वरचा भाग आणि ड्रायव्हरच्या सीटची दाराकडची कड यांवर रनिंग लिहिलेले असते. साडूंच्या गाडीचे ब्रेकचे रबर एका कोपऱ्यात पत्र्यापर्यंत झिजलेले होते आणि आम्ही दोघांनीही ते पाहूनही त्याचा अर्थ लावला नव्हता. टायरवरचा चार आकडी कोड आठवडा आणि साल सांगतो; ८८,००० फिरलेल्या गाडीवर टायरचा तिसरा संच दिसला तर विचारायला हवे. शेवटी जवळचा घाट चढवून पाहावी. मी कुंभार्ली घाटात चौघांना बसवून, एसी लावून गाडी वरपर्यंत आणली आणि तापमानाचा काटा मध्यावरून हलला नाही, तेव्हा मालकाला होकार कळवला.

दिल्लीची गाडी कुणी घ्यावी, असे मला विचारले तर मी म्हणेन, ज्याचे फिरणे वर्षाला सात-आठ हजार किलोमीटरच्या आत आहे, ज्याला गंज नसलेला सांगाडा महत्त्वाचा वाटतो, ज्याच्याकडे विश्वासाचा मिस्त्री आहे आणि ज्याने पहिल्याच महिन्यात लाखभर रुपये कामाला लावायची तयारी ठेवली आहे, त्याने ती जरूर पाहावी. त्यातही पहिल्या मालकाकडून थेट, सर्व्हिसच्या नोंदींसह मिळाली तर माझा आक्षेप बराचसा उरत नाही. पण ज्याला लग्नसराईत, देवदर्शनाला, रात्री-अपरात्री दवाखान्यात अशी केव्हाही किल्ली फिरवून घरच्यांना घेऊन निघावे लागते, त्याने आकडा मोठा दिसतो म्हणून आपल्याकडची गाडी नाकारू नये. माझी गाडी सध्या २,८१,००० वर आहे. क्लचला आता १,१८,६०० किलोमीटर झाले आहेत, घाटात तो किंचित वर धरू लागला आहे, आणि पावसाळ्याआधी नवा सेट टाकायचा असे आम्ही ठरवले आहे; वहीत पुढच्या ओळीवर त्याची जागा सोडून ठेवली आहे.