टेबलाचा सांधा बंद होण्याआधी आत काय भरलंय ते बघा

पार्टिकल बोर्डच्या टेबलाचा पाय सांध्यातून निखळला की दुरुस्ती करणाऱ्याचं खरं काम फळीच्या आत होतं. वर लॅमिनेट, म्हणजे सनमायकासारखा गुळगुळीत पातळ थर, असतो, कडेला पट्टी बसते, टेबल उभं राहतं आणि आपण पैसे देतो. आत काय भरलं हे पुन्हा तुटेपर्यंत कळत नाही. माझी फसवणूक याच आडोशाने झाली, म्हणून जे घडलं ते सगळं लिहिते आहे.

टेबल बाजूने सरकवताना उभ्या फळीचा, म्हणजे पायाचा, वरचा सांधा सुटला. कॅम लॉकची, म्हणजे दोन फळ्या आतून आवळून धरणाऱ्या फिरत्या खिट्टीची, लोखंडी पिन वरच्या फळीतून उपटून निघाली आणि आजूबाजूचा भुगा सोबत घेऊन आली. पार्टिकल बोर्ड म्हणजे लाकडाच्या बारीक कपच्या रेझिनमध्ये मिसळून, गरम दाबाखाली तयार केलेली फळी. तिचे दोन्ही पृष्ठभाग घट्ट असतात, मधला गाभा मात्र भरड आणि सैल. अखंड लाकडात स्क्रूला धरायला लांब रेषा मिळतात, इथे फक्त कपच्या. एकदा त्या सुटल्या की त्याच भोकात तोच स्क्रू कितीही पिळा, तो नुसता फिरत राहतो.

हे मला दुरुस्तीला आलेल्या माणसानेच समजावलं, आणि बरोबर समजावलं. उपायही अचूक सांगितला. फाटलेलं भोक मोठं करून सैल भुगा काढायचा, आत इपॉक्सी, म्हणजे दोन भाग मिसळून लावायचा पक्का गोंद, लावून सागवानाची गुल्ली, म्हणजे गोल खुंटी, बसवायची, ती घट्ट झाली की तिच्यात नवीन भोक पाडून नवी पिन लावायची, आणि आतल्या कोपऱ्यात प्लायचा ठोकळा दोन्ही फळ्यांना स्क्रूने आवळायचा. “ताई, टेबल जुनं होईल, पण हा पाय हलणार नाही,” असं म्हणाला. इपॉक्सी, सागवान, प्लाय, नव्या पिना अशी एकेक वस्तू मोजून सामानाचे सगळे पैसे आधीच घेतले. फसवणारा माणूस अडाण्यासारखा बोलेल अशी आपली समजूत असते. हा नीट शिकलेला कारागीर होता. काम कसं करायचं हे त्याला पूर्ण ठाऊक होतं आणि तरीही त्याने ते केलं नाही, याचा मला जास्त राग आहे.

काम करताना “वास डोक्यात जाईल, तुम्ही बाहेरच थांबा” म्हणून त्याने दार लोटून घेतलं. थोड्याच वेळात टेबल सरळ करून “आता खुशाल वापरा” म्हणाला. असं काम करून घेणाऱ्यांनी इथेच सावध व्हावं. साध्या इपॉक्सीने जोडलेला सांधा निदान रात्रभर क्लॅम्पमध्ये आवळून ठेवावा लागतो. पाच मिनिटांत घट्ट होणारा प्रकारही मिळतो, पण पूर्ण ताकद यायला त्यालाही बराच जास्त वेळ लागतो. गुल्ली चिकटवून लगेच तिच्यात भोक पाडलं आणि टेबलावर वजन ठेवलं, हे घडूच शकत नाही. वरच्या लॅमिनेटवर एक बारीक फुगवटाही आला होता. विचारलं तर म्हणाला, बसेल हळूहळू. खालून मारलेला स्क्रू फळीच्या जाडीपेक्षा लांब होता आणि त्याचं टोक लॅमिनेटला आतून ढकलत होतं. असा फुगवटा कधीच बसत नाही.

टेबल पुन्हा कोसळलं तेव्हा आतलं सगळं उघडं पडलं. गुल्ली नव्हतीच. भोकात लाकडाचा भुसा कोंबून वर झटपट चिकटणारा पातळ सुपर ग्लू ओतला होता. तो भुशासोबत दगडासारखा कडक होतो, हाताला पक्का लागतो, पण ठिसूळ असतो. बाजूने हिसका बसला की तडकतो. टेबलाच्या पायाला तर बाजूचेच हिसके बसतात. पिन जुनीच होती, घासून चकचकीत केलेली. कोपऱ्यातला ठोकळा फोडून पाहिला तर प्लाय नव्हे, पार्टिकल बोर्डचाच तुकडा, वरून लाकडी रंगाचा कागद चिकटवलेला. तोही लॅमिनेटच्या गुळगुळीत पृष्ठभागावर नुसत्या पांढऱ्या गोंदाने लावला होता, त्यामुळे पिकल्या फळाच्या सालीसारखा अलगद सुटून आला. लॅमिनेट खरवडून खालचा बोर्ड उघडा केल्याशिवाय हा गोंद धरत नाही, हे कोणत्याही सुताराला माहीत असतं.

फोटो पाठवले तर उत्तर आलं, “बोर्डच हलका आहे, त्याला मी काय करणार?” बोर्ड हलका आहे म्हणूनच तर सागवान आणि प्लायचे पैसे घेतले होते. त्यानंतर त्याने फोन उचलला नाही.

नंतर दुसऱ्या सुताराने माझ्यासमोर काम केलं. आधीची तडकलेली खपली कोरून काढली, सैल कडांमध्ये पातळ इपॉक्सी मुरू दिली, गुल्ली बसवून टेबल आवळून ठेवलं आणि तो निघून गेला. दुसऱ्या दिवशी येऊन भोकं पाडली. खरा प्लायचा ठोकळा बसवला आणि उभ्या फळीतून आरपार बोल्ट घेऊन दोन्ही बाजूंना रुंद वॉशर लावले, म्हणजे ओढ कपच्यांवर न येता मोठ्या भागावर पसरते. बाहेरून बोल्टचं डोकं दिसतं. मला ते चालतं.

बोर्ड पाणी पिऊन फुगलेला असेल तर तो वाळल्यावरही पूर्वीसारखा होत नाही. त्यात गुल्ली बसवून देतो म्हणणाऱ्याला नकार द्या. तेवढा भाग कापून बदलावा लागतो. बाकी कामात सामानाचे पैसे देण्याआधी ते सामान हातात घेऊन बघा. प्लायच्या कापलेल्या कडेला पातळ थर एकावर एक दिसतात, पार्टिकल बोर्डच्या कडेला नुसत्या कपच्या, म्हणून ठोकळ्याची कड पट्टीने झाकण्याआधी बघायला मागा. गुल्ली भोकात बसल्यावर, पिन लागण्याआधी, फोटो काढून ठेवा. मजुरीचा मोठा भाग दुसऱ्या दिवशी, टेबल सरळ उभं करून आडवं हलवून पाहिल्यावरच द्या.