सॅक्सबोची फुलदाणी, पाल्सहूसचा वाडगा आणि क्यूनचं अस्वल : घरात रुळल्यानंतर

कोपनहेगनच्या लोपेमार्केडमधून, म्हणजे जुन्या बाजारातून, घेतलेल्या या तीन जुन्या डॅनिश सिरॅमिक वस्तू गेले कित्येक महिने कपाटात नाहीत, रोजच्या वावरात आहेत.

सगळ्यात जास्त समाधान दिलं ते सॅक्सबोच्या फुलदाणीने. १९३० ते १९६८ चाललेल्या या कार्यशाळेच्या संस्थापक नाताली क्रेब्स मूळच्या केमिकल इंजिनियर. ग्लेझ, म्हणजे भांड्यावरचा काचेसारखा लेप, त्यांचं, आकार बहुतेक एवा स्टेअर-नील्सन यांचे. माझी फुलदाणी बसकी, राखाडी-तपकिरी. दुकानात ती साधीच वाटते. घरी आल्यावर खांद्यापाशी रंग कुठे दाट होतो आणि काठाशी कुठे विरतो, ते हळूहळू दिसायला लागतं. उंच तापमानाला भाजलेलं स्टोनवेअर असल्याने पाणी झिरपत नाही, आणि मी तिच्यात फुलं ठेवतेच. मात्र इथलं पाणी जड, आत क्षाराचं पांढरं कडं धरतं. पातळ व्हिनेगर थोडा वेळ घालून लगेच धुवायचं, रात्रभर ठेवायचं नाही. मॅट ग्लेझची मला काळजी वाटते.

पाल्सहूसचा वाडगा लहान आहे. पर आणि अ‍ॅनेलीस लिनेमान-श्मिट या जोडप्याची ही कार्यशाळा १९७२ पर्यंत होती. सशाच्या लोकरीसारख्या बारीक रेषांचं त्यांचं ग्लेझ डिसेंबरच्या तिरप्या उन्हात बघावं! खाण्यासाठी तो वापरत नाही. जुन्या ग्लेझमध्ये काय आहे याची खात्री नसेल तर कुणीच वापरू नये. बुडाची कड खरखरीत असते, टेबलावर ओरखडे पडतात. खाली फेल्ट चिकटवा, पण सही झाकू नका.

क्नूड क्यून यांचं अस्वलाचं पिल्लू रॉयल कोपनहेगन या डॅनिश पोर्सिलेन कारखान्याचं. क्यून स्वतः ग्रीनलंडला गेलेले चित्रकार. पिल्लाच्या पाठीचा बाक बघितला की त्यांनी प्राणी नीट निरखलेत हे पटतं. घेताना कान तपासा, टवके तिथेच उडतात. मडकं घेताना मारतो तशी टिचकी मारून बघा : आवाज बद्द आला तर कुठेतरी चीर असू शकते. भरून रंगवलेली जागा अतिनील टॉर्चखाली बहुधा वेगळी चमकते.

बूड उलटून बघायची सवय लावाच. तीन लाटा म्हणजे रॉयल कोपनहेगन. डेन्मार्कच्या तीन सामुद्रधुन्यांची ती खूण. त्या लाटांवर आडवा ओरखडा असेल तर कारखान्यानेच माल दुय्यम ठरवलेला असतो. दोष बारीक असेल तर मी असा नग आनंदाने घेते, पण भाव त्याप्रमाणे उतरलाच पाहिजे. पोर्सिलेनवर १९३५ पासून कारखान्याच्या नावातल्या एखाद्या अक्षराच्या वर किंवा खाली छोटी रेघ असते, तिच्यावरून वर्ष कळतं.

नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी निळ्या-पांढऱ्या पुतळ्यांआधी सॅक्सबोचा एखादा छोटा नग घ्यावा. डॅनिश सिरॅमिक कलाकार अ‍ॅक्सेल साल्टोंची कोंब फुटल्यासारखी भांडी मला फार आवडतात, पण त्यांचे भाव लिलावातच ठरतात. ती संग्रहालयात डोळे भरून बघावीत.