होर्डिंगवर कधीच न झळकलेली घागर

हे लिहायला मला इतके महिने लागले, कारण बुडालेले पैसे माझे नव्हते. माझ्या शब्दावर ज्यांनी ते दिले, त्यांचे होते.

नाशिकला शालिमारजवळ माझं डिझायनिंगचं छोटं दुकान आहे. 16 वर्षं फ्लेक्स, लग्नपत्रिका, हँडबिलं, दुकानांच्या पाट्या करते आहे. भांडी बाजारातले एक काका माझे पहिल्या वर्षापासूनचे गिऱ्हाईक. तांब्या-पितळेच्या भांड्यांचा त्यांचा धंदा तिसऱ्या पिढीत आहे. 2025 ची धनत्रयोदशी 18 ऑक्टोबरला होती आणि त्याआधी एकदा तरी मोठ्या पडद्यावर आपलं दुकान दिसावं, अशी त्यांची फार इच्छा होती. ‘पोरी, हल्ली लोकांना वाटतं तांबं फक्त म्युझियममध्ये असतं,’ असं ते म्हणायचे.

सप्टेंबरच्या सुरुवातीला एक जण दुकानात आला. तिशीचा, नीटनेटका, हातात टॅब. ‘ताई, गंगापूर रोडला आपली एलईडी स्क्रीन आहे. दिवाळीचे दोनच स्लॉट उरलेत.’ टॅबवर त्याने स्क्रीनचा व्हिडिओ दाखवला. स्क्रीन खरी होती, मी रोज तिच्याखालून जाते. दर मिनिटाला एकदा 10 सेकंद, असे 15 दिवस, 4 ते 18 ऑक्टोबर, 45,000 रुपये. काकांना फोन लावला. त्यांनी मला एकच विचारलं, ‘तुला पटतंय ना?’ मी हो म्हटलं. अर्धे, म्हणजे 22,500, त्यांनी त्याच दिवशी पाठवले. कंपनीचं खातं ‘अपडेट होतंय’ म्हणून त्याच्या स्वतःच्या यूपीआयवर.

मग काकांच्या समोरच मी त्याला साइज विचारली. तो म्हणाला, ‘20 बाय 10 फूट. 300 डीपीआय, सीएमवायके, सीडीआर फाइल द्या.’

इथेच तो उघडा पडला होता. ही भाषा छापखान्याची आहे. सीडीआर म्हणजे कोरलड्रॉची फाइल, डीपीआय म्हणजे छापताना एका इंचात किती ठिपके. सीएमवायके म्हणजे शाईचे चार रंग. एलईडीत शाई नसते, लाल-हिरवे-निळे दिवे असतात, म्हणून फाइल आरजीबीतच लागते. डीपीआयलाही तिथे अर्थ नसतो, आडवे किती पिक्सेल आणि उभे किती, एवढंच बघतात. 20 बाय 10 फूट 300 डीपीआयने करायचं तर 72,000 बाय 36,000 पिक्सेलची फाइल होईल. एवढी तर आम्ही फ्लेक्सलाही कधी करत नाही. मला खटकलं होतं, अगदी त्याच क्षणी खटकलं होतं. पण एलईडीचं काम मी तोवर कधी केलं नव्हतं आणि काकांच्या देखत ‘मला माहीत नाही, नीट सांगा’ म्हणायची लाज वाटली. त्या लाजेवरच त्याने पुढचं सगळं रचलं.

डिझाइन मी जीव ओतून केलं. काळी पार्श्वभूमी, मधोमध तांब्याची घागर, तिच्या काठावर उजेडाची एक रेघ, वर ‘धनत्रयोदशीला तांबंच’ आणि तळाला पत्ता व फोन नंबर.

आठवड्याने त्याचा निरोप आला, ‘फाइल रिजेक्ट झाली, 4के पाहिजे. कन्व्हर्जन आमच्याकडेच होतं, 6,500.’ 4के म्हणजे 3840 बाय 2160, त्याचं प्रमाण 16 ला 9. स्क्रीन मात्र त्याच्याच सांगण्यानुसार 2 ला 1. एकातून दुसऱ्यात ओढून बसवली असती तर घागर पसरट झाली असती. मी तसं विचारलं, तर म्हणाला, ‘ताई, सॉफ्टवेअर आपोआप ॲडजस्ट करतं.’ पैसे गेले. मग टेस्ट प्ले आणि महापालिकेच्या ‘आर्टवर्क मंजुरी’चे 3,000. घाटकोपरचं होर्डिंग पडल्यापासून सगळं कडक झालंय, असं कारण त्याने दिलं. 13 मे 2024 ला तिथे 17 माणसं गेली, हे खरंच आहे आणि त्यानंतर ठिकठिकाणी होर्डिंगची तपासणी झाली, हेही खरं. पण ती तपासणी सांगाड्याची, पायाची आणि परवान्याची. परवाना काढणं होर्डिंगच्या मालकाचं काम आहे. मेलेल्या माणसांचं नाव घेऊन त्याने 3,000 रुपये काढले, याचा मला अजून संताप येतो.

4 ऑक्टोबरला सकाळी व्हॉट्सॲपवर फोटो आला. चौक, वाहनं आणि वर आमची घागर. काकांनी तो अख्ख्या बाजाराला दाखवला. उरलेले 22,500 त्याच दुपारी गेले. एकूण 54,500. मग रोज फोटो येत राहिले.

मंगळवारी, 14 तारखेला, काकांची सून मुलाला क्लासला सोडून त्या चौकात थांबली. अर्धा तास थांबली आणि तिने मला फोन केला, ‘ताई, आपली कधी लागते?’ मी गाडी काढली. समोरच्या मेडिकलच्या पायरीवर उभी राहून मोबाइलवर वेळ लावली. एका मिनिटात सहा जाहिराती फिरत होत्या. बिल्डर, क्लासेस, हॉस्पिटल, परत बिल्डर. 15 मिनिटांत आमची 15 वेळा यायला हवी होती. एकदाही आली नाही.

तिथेच उभ्या उभ्या त्याने पाठवलेले फोटो मी मोठे करून पाहिले. 6 आणि 9 तारखेच्या दोन्ही फोटोंत तीच पांढरी गाडी त्याच जागी होती. एक फोटो रात्रीचा होता. त्यात स्क्रीनशेजारच्या झाडाच्या पानांवर निळा उजेड पडला होता आणि आमच्या जाहिरातीत निळं काहीच नव्हतं. मोबाइलने एलईडीचा फोटो काढला की त्यावर बहुतेक वेळा पट्टे किंवा लाटा उमटतात. इथे सगळं गुळगुळीत. आणि तळाचा फोन नंबर लख्ख वाचता येत होता. म्हणजे आमची घागर जुन्या फोटोवर नुसती चिकटवलेली होती.

स्क्रीनच्या चौकटीवर मालक कंपनीचा नंबर लिहिलेला होता. रोज दिसणारा. मी तो 14 तारखेपर्यंत लावला नव्हता. पलीकडच्या माणसाने शांतपणे ऐकून घेतलं. स्लॉट विकणाऱ्याशी त्यांच्या कंपनीचा काहीच संबंध नव्हता. कंपनीच्या माणसाने मला स्क्रीनची माहिती पाठवली, एक पान. पी10 स्क्रीन, म्हणजे दोन पिक्सेलमध्ये 10 मिलिमीटर अंतर. 96 बाय 96 पिक्सेलच्या पेट्या, सहा आडव्या आणि तीन उभ्या. म्हणजे सगळी मिळून 576 बाय 288 पिक्सेल, सुमारे 19 बाय साडेनऊ फूट. फाइल जेपीजी किंवा एमपी4, आरजीबी. कन्व्हर्जनचे पैसे ते घेतच नाहीत.

288 पिक्सेल उंची. जाहिरातीतला काकांचा फोन नंबर त्यात सहा पिक्सेल उंच आला असता. सहा पिक्सेलमध्ये 3 आणि 8 सहज वेगळे ओळखू येत नाहीत. आपल्या अक्षरांचं तर आणखी अवघड असतं. शिरोरेषा तुटते, वेलांटी पुसट होते, ‘तांबं’वरचे अनुस्वार उडून नुसतं ‘ताब’ उरतं. म्हणून एलईडीला जाड अक्षर, पाच-सहा शब्द, गडद पार्श्वभूमी आणि फोन नंबर नाहीच, हे मी आता शिकले. तेव्हा शिकायला फक्त एक फोन पुरला असता.

स्लॉट विकणाऱ्याच्या कार्डावरचा जीएसटी नंबर मी त्या रात्री जीएसटीच्या पोर्टलवर टाकला. फुकट दिसतो, दोन मिनिटं लागतात. सुरुवात 24 ने होती, म्हणजे गुजरात. महाराष्ट्राचा 27 असतो. नोंद कापडाच्या व्यापाऱ्याची निघाली, ज्याला बहुधा पत्ताही नाही की त्याचा नंबर नाशकात फिरतो आहे.

सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर तक्रार केली, सायबर क्राइमच्या पोर्टलवर नोंदवली, पोलीस ठाण्यात व्यवहारांचे कागद दिले. पैसे गेल्या गेल्या फोन केला असता तर खातं गोठवायला काही वाव होता, पण आमच्या शेवटच्या हप्त्यालाही 10 दिवस झाले होते. खातं रिकामं होतं.

तुमच्याकडे कुणी असा स्लॉट विकायला आला, तर आधी त्या स्क्रीनवर लिहिलेल्या नंबरवर बोला. पिक्सेल लेखी मागा. पैसे कंपनीच्या खात्यातच आणि बिलावरच द्या. पुरावा म्हणून फोटोवर थांबू नका, जाहिरात कधी आणि किती वेळा लागली त्याचा लॉग, म्हणजे यंत्रातली नोंद, मागा आणि पहिल्याच दिवशी स्वतः जाऊन उभे राहा. डिझायनर असाल तर हे सगळं गिऱ्हाईकाच्या देखत विचारा.

काकांना मी दर महिन्याला थोडे थोडे पैसे देते. ते नको म्हणतात, मी गल्ल्याशेजारी ठेवून येते. धनत्रयोदशीला त्यांनी नेहमीसारखं दुकान मांडलं. दारात एक घागर होती. मी तिच्याकडे पाहू शकले नाही.

फेब्रुवारीत सातपूरच्या एका मिठाईवाल्यांनी मला एक मेसेज दाखवला. नाव वेगळं, नंबर वेगळा, ‘300 डीपीआय, सीएमवायके’ तेच. सोबत ‘आमचं काम’ म्हणून एक फोटो. काळी पार्श्वभूमी, तांब्याची घागर, काठावर उजेडाची रेघ, खाली काकांचा फोन नंबर. हा फोटो तुमच्याकडे आला, तर ती जाहिरात नाशिकच्या कुठल्याही स्क्रीनवर एक सेकंदही लागलेली नाही. खात्री करायची असेल तर फोटोतल्याच नंबरवर फोन करा. काका सांगतील.